लहान आहे म्हणून

यहुद्यांच्या धर्मग्रंथात सोअर नावाचं एक गाव येतं. मृत समुद्राच्या आग्नेयेला, आज जॉर्डनमधलं घोर अस-साफी आहे त्या बाजूचं. सदोम आणि गमोरा ही पापी शहरं जळून खाक व्हायची आहेत. देवदूत सदोमात राहणाऱ्या लोटाला हाताला धरून वेशीबाहेर काढतात आणि डोंगरावर पळायला सांगतात. तर हे गृहस्थ तिथंच घासाघीस सुरू करतात! डोंगर काही आपल्याच्यानं गाठवायचा नाही. त्यापेक्षा ते समोरचं गाव बघा, केवढंसं ते, तिथं जाऊ द्या. एसटीत पोराला मांडीवर दाबून ‘लहान आहे हो अजून’ म्हणणाऱ्या माउलीचा हा सूर. देवदूतही विरघळतात. लोटाचा चुलता अब्राहाम, त्यानं आदल्याच अध्यायात सदोमसाठी देवाशी पन्नास नीतिमानांपासून दहांपर्यंत भाव उतरवला, तरी सदोम वाचलं नाही. सोअरला कुणी पापपुण्य विचारलंच नाही.

मला मात्र लळा लागला तो या गावाच्या राजाचा. त्याआधीच्या एका लढाईत मैदानात पाच राजे उतरतात. चौघांची नावं नीट नोंदलेली. पाचवा नुसता सोअरचा राजा. तोही शिरस्त्राण चढवून, घोटाघोटानं भीती गिळत आला असेल, पण लिहिणाऱ्याला त्याचं नाव विचारायचं सुचलं नाही.

पुढं मरणापूर्वी इस्राएलींचा नेता मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त देश डोळे भरून पाहतो, तेव्हा त्याची नजर जिथं थांबते ते हेच सोअर. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात शेजारच्या मवाब देशाचे निर्वासित इकडेच धाव घेतात. भरवसा बसला नाही तो फक्त लोटाचा. इतक्या काकुळतीनं मागून घेतलेल्या गावात त्याला राहायची भीती वाटली आणि तो मुकाट्यानं डोंगरावरच्या गुहेत राहायला गेला. ज्या डोंगराबद्दल एवढी कुरकुर केली, त्याच डोंगरावर!

गाव त्याच्यावाचून अडलं नाही. जॉर्डनमधल्याच मादबा गावच्या सहाव्या शतकातल्या मोझेक नकाशात ते खजुरीच्या झाडांसकट आहे. दहाव्या शतकात जेरुसलेमच्या अल-मुकद्दसी या भूगोलकारानं त्याला नरकाच्या पंगतीला बसवलं: पाणी असं, की ज्याच्याकडे यमदूत यायला उशीर करतोय त्यानं खुशाल इथं यावं. आणि लगेच, इथला व्यापार पाहून, त्याच गावाला छोटं बसरा म्हणून शाबासकीही दिली. पुढं इथं ऊस गाळून साखर होऊ लागली. त्या कारखान्यांचे अवशेष अजून उभे आहेत. आता तिथं टोमॅटो पिकतात आणि 2012पासून एक संग्रहालयही आहे. कधी जाणं झालंच तर जरूर पाहा. पिण्याचं पाणी तेवढं बरोबर ठेवा.