ऑर्गनच्या पोटातल्या ड्रमरसाहेबांस

माननीय ड्रमरसाहेब,
मुक्काम पोस्ट : ऑर्गनचं पोट, डावीकडून तिसरं बटण



गेल्या शनिवारी आमच्या क्लबच्या पहिल्या मजल्यावर इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर जुन्या गाण्यांची संध्याकाळ झाली. वाजवणाऱ्या गृहस्थांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. ऑर्गन जिन्यावरून वर आणणाऱ्या चौघांचे आभार मानले गेले, माइकवाल्याचे मानले गेले, बटाटेवडेवाल्या बाईंचे तर दोनदा. तुमचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. अडीच तास तुम्ही घाम न गाळता वाजवत होता. म्हणून हे पत्र. ते उघडं आहे, कारण बंद पाकीट तुम्ही उघडणार कशानं?

आधी एक कबुली देतो. आमच्या खजिनदारांनी तुम्हाला पाहिलं आणि ते तुमच्या प्रेमातच पडले. तबलजी म्हटला की रिक्षाभाडं आलं, दोन चहा आले, हातोडीची ठोकाठोक आली. वाजवणारा चुकला की तबलजी हळूच त्याच्याकडे बघतो, तेही आलं. तुम्ही बघत नाही. कोणाचं काहीही चुको, तुमची लय हलत नाही. अंदाजपत्रकात ‘साथसंगत’ या ओळीपुढे खजिनदारांनी समाधानाने एक आडवी रेघ मारली. ती रेघ म्हणजे तुम्ही.

तुमचं घराणं लहान नाही, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या वर्लिट्झर कंपनीने 1959 साली ‘साइडमन’ नावाचं लाकडी कपाट बाजारात आणलं. साइडमन म्हणजे साथीदार. आत एक दांडा गोल फिरायचा, वाटेतल्या टोकांना शिवत जायचा, आणि प्रत्येक स्पर्शाला एक ठोका पडायचा. पुढे जपानच्या इकुतारो काकेहाशींनी 1967 मध्ये ‘ऱ्हिदम एस’ काढलं : सोळा ताल, सोळा बटणं, फिरणारं काही नाही. दोन बटणं एकदम दाबली तर दोन तालांची खिचडी व्हायची, आणि तीही खपून जायची. हॅमंडच्या ऑर्गनांत तेच बसलं. याच काकेहाशींच्या रोलंड कंपनीने 1980 मध्ये ‘टीआर-808’ काढलं, आणि ते मुंबईच्या चरणजितसिंगांच्या हाती लागलं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बरीच वर्षं घालवलेल्या या माणसाने 1982 मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही, आता जगभर तिचं कौतुक होतं. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी तुम्हाला तबल्याचं सोंग घ्यायला लावलं नाही. यंत्राला यंत्रासारखं वाजू दिलं.

तेव्हा विजेच्या वाद्यांशी माझं वैर आहे, असं समजू नका. 1954 च्या ‘नागिन’मधली पुंगी ज्यांनी ऐकली, त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होतं की ती पुंगी नव्हेच, कल्याणजींनी वाजवलेलं क्लाव्हायोलीन नावाचं विजेचं वाद्य आहे? सोंग घ्यायचं तर असं घ्यावं.

आता शनिवारचं. सुरुवात छान झाली. वर-खाली दोन ओळी पट्ट्या, उजवा हात वर, डावा खाली, डावा पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर खर्ज धरून, उजवा पाय आवाज कमी-जास्त करत. चार ठिकाणी चार कामं करणारा माणूस बघून आमच्या बायका म्हणाल्या, हे बाई आपल्यासारखंच. दादऱ्यातल्या गाण्यांना गृहस्थांनी ‘वॉल्ट्झ’चं बटण दाबलं, केरव्यातल्यांना ‘रुंबा’. चाललं. अभंगाला ‘बोसा नोव्हा’ लागला. वारकरी ब्राझीलमार्गे पंढरपूरला निघाले, पण पोचले.

मग मागून फर्माईश आली, नाट्यपदाची. पद झपतालातलं, दहा मात्रांचं. तुमच्याकडे दहाचं बटण नाही. गृहस्थांनी क्षणभर बटणांकडे बघितलं आणि सगळं पद आठ मात्रांत बसवून टाकलं. शिंप्याने पाहुण्याचा कोट घरच्या मुलाला बेतून द्यावा, तसं. कापलेल्या दोन मात्रा कुठे पडल्या, ते मला दिसलं. चौथ्या रांगेत आमचे जुने तबलामास्तर बसले होते. वीस वर्षं आमची कोजागिरी त्यांनी वाजवली. त्यांची बोटं गुडघ्यावर दहा मात्रा मोजत होती, तुम्ही आठ. पहिल्या समेला दोघे भेटलात, मग चुकामूक. पुन्हा गाठ पडली ती चाळीस मात्रांनी, मास्तरांची चार आवर्तनं आणि तुमची पाच झाल्यावर. तेवढ्यापुरते मास्तर हसले. तुम्ही हसलात का? 

संगीत नाटकाच्या जमान्यातही ऑर्गन होताच की. तो पायाने भाता मारायचा ऑर्गन आणि शेजारी तबला, दोघेही रंगमंचासमोर बसून नटाच्या तोंडाकडे बघत असायचे. नटाने तान लांबवली की दोघे थांबायचे, वन्समोअर आला की निमूटपणे परत फिरायचे. तुम्हाला तोंडच दिसत नाही, हा तुमचा दोष म्हणता येणार नाही. पोटात राहणाऱ्याला काय दिसणार?

पण मध्यंतराचं काय? गृहस्थ चहाला गेले आणि तुम्हाला बंद करायला विसरले. तुम्ही एकटेच वाजवत राहिलात. सुरुवातीला लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. वडे बोसा नोव्हात खाल्ले गेले. कार्यवाहांनी हाउजीची तिकिटं घ्यायची घोषणा केली, तीही तुमच्या ठेक्यात, आणि त्यांना स्वतःला ते कळलं नाही. पत्त्यांच्या खोलीतून रमीवाले ओरडले, ‘अरे, त्याला कुणीतरी चहा द्या!’ शेवटी मास्तर उठले. बटण त्यांना सापडेना. त्यांनी वाकून भिंतीतली पिन काढली, आणि हॉलमध्ये संध्याकाळची पहिली खणखणीत टाळी पडली. ती तुमच्यासाठी होती की मास्तरांसाठी, हे ठरवणं अवघड आहे. मास्तर नम्रपणे म्हणाले, ‘तिहाई घेत नव्हता हो.’

तर आता कामाचं. त्या आडव्या रेघेवर मी आमच्या कमिटीत हरकत घेतली आणि तुमचं मानधन मंजूर करून घेतलं. पाकीट ऑफिसात ठेवलंय. सोमवार सोडून कोणत्याही संध्याकाळी सहा ते आठ या वेळात या. पावतीवर रेव्हेन्यू स्टँप लावलाय, त्यावर आडवी सही लागेल. महिन्याभरात आला नाहीत तर पाकीट मास्तरांना द्यायचं ठरलंय. ते कोजागिरीला मोकळे आहेत, मी विचारून ठेवलंय.

कळावे, लोभ असावा, आवाज कमी असावा.

आपला,
चौथ्या रांगेतला, मास्तरांशेजारचा