झोपेतली खाण

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, खाणमालक आहेत. खाण डोंबिवलीत आहे. दुसऱ्या मजल्यावर, बेडरूममध्ये, गोदरेजचं कपाट आणि शिलाई मशीन यांच्या मधे.

भाचा नोकरीला बंगळुरूला गेला आणि त्याच्या इंजिनीअरिंगसाठी घेतलेला कॉम्प्युटर रिकामा पडला. रिकामी वस्तू पाहिली की भावजींच्या पोटात कालवतं. नव्वदीत त्यांनी न पाहिलेल्या सागवानात पैसे घातले, मग इमूत. सागाचं पानही दिसलं नाही. इमूची पिसं मात्र मिळाली. ताई त्यांनी टीव्ही झटकते.

"या वेळी गुंतवायचं नाही, भाड्याने द्यायचं," भावजींनी मला समजावलं. स्लोव्हेनियाच्या नाइसहॅशने 2014 साली असा बाजार मांडला: ज्याला नाणी खणायचीत तो आपल्या कॉम्प्युटरची ताकद भाड्याने घेणार आणि भाडं बिटकॉइनमध्ये देणार. भावजींनी तसल्याच एका सेवेत नाव नोंदवलं होतं. "पोटभाडेकरूच समज. वर हा गच्चीत कपडे वाळत घालत नाही."

"पण भावजी, 2017 च्या डिसेंबरात त्या नाइसहॅशमधून सुमारे 4,700 बिटकॉइन चोरीला गेले होते."

"2020 पर्यंत सगळ्यांचे परत केले ना? इमूवाल्याने केले?"

यावर मी काय बोलणार!

खरी गंमत मुहूर्ताची. घरगुती ग्राफिक कार्डांचं मुख्य पीक होतं इथरियम. त्याने 15 सप्टेंबर 2022 ला खाणकामच बंद केलं. भावजींनी नारळ फोडला त्या दिवाळीत.

कमाई ते रुपयांत सांगत नाहीत. "आज दीडशे झाले!" म्हणतात. दीडशे सातोशी. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात, हे सांगायचं राहून जातं. एकदा ताईने वाणसामानाच्या यादीमागे हिशेब मांडला. यंत्र 300 वॉट खातं, म्हणजे दिवसाला 7.2 युनिट, महिन्याला 216. दहा रुपये युनिट धरलं तरी 2,160 रुपये. भाडं दिवसाला बारा, म्हणजे महिन्याला 360. त्यावर 30 टक्के कर, आणि त्यात विजेचा खर्च वजा धरत नाहीत. भावजींनी कागद उलटा केला आणि म्हणाले, "तूरडाळ दोन किलो कशाला?"

तोट्यातही ताईने फायदा शोधलाच. यंत्राच्या मागून गरम वारा सुटतो; तिथे स्टूल ठेवून तिने भर पावसाळ्यात उडदाचे पापड वाळवले. अख्ख्या खाणीतून निघालेला टिकाऊ माल तेवढाच.

"झोपेत पैसे मिळतात रे," हे भावजींचं पालुपद. पण झोपतो कोण? रात्री दोनला उठून पंखा फिरतोय ना बघायचं, चारला आकडा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली आहेत, खऱ्या कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी.

परवा मी मुक्कामाला होतो. रात्री अकराला ट्रान्सफॉर्मर उडाला. बिल्डिंगभर वीज मंडळाचा उद्धार सुरू झाला. भावजी मेणबत्ती घेऊन यंत्रापाशी थोडा वेळ बसले, मग आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. वीज सकाळी सहाला आली.

ताई चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, सात तास मीटर बंद. वीस-एकवीस रुपये वाचले. मिळाले की नाही झोपेत पैसे?"