माफ केलंय

मिस्त्रींनी मला पुन्हा माफ केलं. गुन्हा कोणता, ते सांगितलं नाही. जवाहर चौकात मी चहाची वाट बघत उभा होतो. हे मागून आले, खांद्यावर हात ठेवला, "मिया तुमका माफ केलंय" म्हणाले आणि भाजी घ्यायला निघून गेले. दिवसभर मी डोकं खाजवत बसलो, की या माणसाचं आपण वाकडं केलं काय!

तुमच्याही गावात हा प्राणी असणारच. कुठे तो माळकरी असेल, कुठे निवृत्त हेडमास्तर. आमच्या राजापुरात तो ख्रिस्ती आहे. मूळचा मालवणकडचा, एसटीच्या वर्कशॉपात अडतीस वर्षं इंजिनं खोलून निवृत्त झालेला आणि आता पंच्याहत्तरीपुढचा, म्हणजे सरकारी योजनेनुसार एसटीत फुकट फिरणारा. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात जपमाळ आणि दहा नंबरचा पाना. भांडणाचा वास त्यांना डिझेलच्या गळतीसारखा लांबून येतो. भांडण मिटवायला आलेल्या माणसाला निदान 'तुम्ही मध्ये पडू नका' म्हणता येतं. मिस्त्री मध्ये पडतच नाहीत. ते थेट निकाल देतात, दोघंही दोषी, दोघांनाही माफी.

माणसांपुरतं असतं तरी चाललं असतं. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली हातात हात घालून बाजारपेठेत शिरतात. दुकानदार ओला माल उपसत शिव्या घालत असतात आणि मिस्त्री कडेला उभं राहून नदीला माफ करतात. उन्हाळे गावची गंगा तीन वर्षांनी प्रकटायची अशी ख्याती, पण ती येते मनाला येईल तेव्हा. तिलाही माफ. 'राजापूर रोड' या नावाच्या स्टेशनावर उतरलेला पाहुणा राजापूर कुठाय म्हणून विचारतो, तेव्हा ते कोकण रेल्वेलाही मोठ्या मनाने सोडून देतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या बाबतीत मात्र त्यांनी विचार करायला मुदत मागून घेतली आहे.

अशा माणसाच्या हाती नोव्हेंबर 2024 ची विधानसभा निवडणूक लागली.

ती निवडणूक आठवा. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. पक्ष मुंबईत फुटला, पण भिंती उभ्या राहिल्या त्या आमच्या वाड्यांमधून. नाणार आणि बारसूच्या रिफायनरीने आधीच समर्थक आणि विरोधक अशा दोन पंगती मांडून ठेवल्या होत्या, त्यात आता मशाल आणि धनुष्यबाण. इकडे तीन वेळा निवडून आलेले राजन साळवी, तिकडे किरण सामंत. मतदान 20 तारखेला. त्याआधी भाऊबीज आली 3 तारखेला, आणि किती भावांनी आधी स्टेटस बघून मग बहिणीची पायरी चढली ते विचारू नका.

मिस्त्रींना हंगाम लागला. सकाळी मशालवाल्यांच्या कार्यालयात चहा आणि माफी, संध्याकाळी धनुष्यबाणवाल्यांकडे तेच. त्यांना कुणी हाकलत नसे, कारण त्यांच्या मताला कुणी मोजतही नसे. आमच्याकडे ख्रिस्ती घरं इतकी थोडी, की कुठल्याच पक्षाच्या आकडेमोडीत ती येत नाहीत. मी एकदा वैतागून म्हटलं, "मिस्त्री, मी कुणाला मत देणार हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का?" शांतपणे म्हणाले, "नाय. पण माफ केलंय."

त्यांचा आधार मत्तयच्या शुभवर्तमानाचा. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्राने विचारलं, तेव्हा येशूने त्याला सातावर थांबू दिलं नाही, सत्तर वेळा सात सांगितलं. मी बोटांवर हिशेब केला. चारशे नव्वद. राजापूर मतदारसंघात एवढा कोटा अर्ज माघारीच्या दिवशीच संपला असता.

आमच्या आळीत दोन भाऊ आहेत. घरं शेजारी, विहीर एक, पंप एक. 2022 पर्यंत विजेचं बिल निम्मं निम्मं. मग थोरला मशालीकडे, धाकटा धनुष्यबाणाकडे, आणि तेव्हापासून पंपावर दोन कुलपं. मिस्त्रींनी त्यांना आधी नारायण वामन टिळकांचा दाखला दिला. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या आणि पुढे त्यांनीही तीच वाट धरली. "त्यांनी धरम बदलल्यानी, तरी संसार परत जुळलो. तुमी तर नुसती निशाणी बदललास!" दोघा भावांवर ढिम्म परिणाम नाही. तेव्हा मिस्त्री चक्क खोटं बोलले. थोरल्याला जाऊन सांगितलं, धाकट्याने तुला माफ केलंय. धाकट्याला सांगितलं, थोरल्याने तुला माफ केलंय.

"माफ? मला? मी काय केलंय?" असं ओरडत दोघं एकाच वेळी घराबाहेर पडले. पाच मिनिटं एकमेकांवर आणि मग खरा प्रकार कळल्यावर अर्धा तास मिस्त्रींवर. इतकं एका सुरात ते भाऊ गेल्या दोन वर्षांत बोलले नव्हते. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. मला मात्र त्यांच्या मिशा हललेल्या दिसल्या.

निकाल लागला 23 तारखेला, शनिवारी. सामंत जिंकले. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि तो होता ख्रिस्त राजाचा सण. मिस्त्री मिस्सा आटोपून पेढ्यांचा पुडा घेऊन चौकात हजर, "राजाचो सण, तोंड गोड करा." धनुष्यबाणवाल्यांनी त्यांना गुलाल फासला. मशालवाले उसळले, की आमचे राजन कालच पडले आणि हा पेढे वाटतोय! गुलाल पुसत मिस्त्री दोन्ही बाजूंना समजावू लागले. हा सण 1925 साली पोप अकरावे पायस यांनी सुरू केला. महायुद्धात राजांची सिंहासनं उलथली होती, इटलीत मुसोलिनी माजत होता, तेव्हा पृथ्वीवरचा कुणीच शेवटचा राजा नव्हे हे लोकांना बजावायला. गुलालात रंगलेल्या माणसाकडून पोपचा इतिहास ऐकायला कुणाला सवड? पेढे मात्र दोन्ही बाजूंनी संपवले.

त्याच आठवड्यात चौकातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धर्मांतराबद्दलचं काहीतरी फिरत आलं. एका पोराने चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत मिस्त्रींना विचारलं, "काय मिस्त्री, माणसामागे किती मिळतात?" दोघंतिघं हसले. आम्ही उरलेले चहात बघत राहिलो. मिस्त्री म्हणाले, "अडतीस वर्षं एसटीत होतंय रे. एक नटसुद्धा बाटवूक नाय." मग पैसे ठेवून निघून गेले. ते वाक्य म्हणाले नाहीत.

चौकाला त्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. चौक आपल्या धंद्याला लागला. पण मला करमेना. ज्या वाक्याने इतकी वर्षं डोकं उठवलं, तेच ऐकायला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या दारावरून गेलो. मिस्त्री एक जुना स्टोव्ह खोलून बसले होते. मी विषय काढायच्या आतच म्हणाले, "त्या पोराक अजून जमूक नाय. बघतंय." म्हणजे हे प्रकरण त्यांना फुकटात जमत नव्हतं तर! नदीला, रेल्वेला, मला माफ करणं ही नुसती तालीम होती. खरं वजन आलं तेव्हा म्हातारा घाम पुसत होता.

नाताळात त्यांच्या घरून ताटं निघाली, नेवऱ्या, केक आणि वर क्रोशाचा रुमाल. एक ताट त्या पोराच्या घरी गेलं. मी विचारलं, "जमलं वाटतं?" "नाय. पण नेवरी धाडूक काय हरकत?"

फेब्रुवारी 2025 मध्ये राजन साळवींनी शिंद्यांच्या शिवसेनेत प्रवेश केला. ज्यांच्यासाठी आम्ही सख्ख्या भावांची तोंडं बघायची सोडली होती ते दोघं उमेदवार आता एका पक्षात, एका चिन्हाखाली. शत्रूवर प्रीती करण्याचं जे काम मिस्त्रींना वर्षानुवर्षं जमलं नव्हतं, ते एका पक्षप्रवेशाने दुपारपर्यंत आटोपलं, तेही हारतुऱ्यांसकट.

त्या रात्री थोरला भाऊ मिस्त्रींकडे आला आणि पायरीवर बसून राहिला. म्हणाला, "आता यांनापण माफ करा तुमच्या सवयीने."

"त्यांका कशाक? ते खुशीत असत," मिस्त्री म्हणाले. "तू पंपाचा बिल आण बघू."

बिल आलं, धाकट्याला हाक गेली. अडीच वर्षांचे हिशेब पसरले आणि तासाभराने मिस्त्रींनी जाहीर केलं, की धाकट्याकडून थोरल्याला सहाशे दहा रुपये येणं निघतं. धाकटा म्हणाला, तेवढे माफ करून टाका. मिस्त्री चष्मा काढून म्हणाले, "पैशाचा नाय हां. पैसे दी."