जर्मनला परत बसावे काय? (गडब आणि पंचक्रोशीसाठी मार्गदर्शिका)

सदर मार्गदर्शिका जर्मन भाषेच्या परीक्षेत एकदा आपटलेल्या, आणि आता पुन्हा त्याच क्लासात नाव घालावे की मुकाट वायरिंगची कामे धरावीत अशा पेचात असलेल्या उमेदवारांसाठी आहे. प्रस्तुत लेखक बी-1 ला आपटलेला असल्यामुळे विषयाचा अधिकारी माणूस आहे. उमेदवार गडबचाच हवा असे नाही. मात्र ‘गडबला गडबड फार असेल नाही?’ असे विचारण्याची इच्छा होत असेल तर त्याने वाचन येथेच थांबवावे. हा विनोद वडखळ नाक्यावर आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत.

आधी हे संकट गावात आले कसे ते नोंदवतो. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला 10,000 तरुण पाठवायचे ठरले: नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. बातमी पेपरात आली आणि आयटीआय झालेल्या प्रत्येक पोराकडे गाव ‘निघालेला माणूस’ म्हणून बघू लागले. मी क्लासला नाव घातले त्याच आठवड्यात तिघांनी चॉकलेटे सांगितली आणि एकाने सेकंडहँड मर्सिडीजची चौकशी करायला सांगितले. म्हणजे परीक्षेच्या कितीतरी आधी आपण परदेशी पोचलेलो असतो. नापास झाल्यावर खरा त्रास परत येण्याचा होतो. नाक्यावरचा प्रश्न ‘किती मार्क पडले?’ असा नसतो, ‘अजून हितंच?’ असा असतो.

याबाबतीत पेणच्या गणपतीचा हेवा वाटतो. तो चतुर्थीच्या कित्येक महिने आधी खोक्यात बसून, जहाजाने, सरळ परदेशी रवाना होतो. त्याला कोणी बी-1 विचारत नाही.

आता कामाला लागू. निकालाचा कागद समोर घ्यावा आणि तो पूर्ण वाचावा. नापास माणूस सहसा तो एकदाच बघतो आणि घडी घालून पाकिटात ठेवतो, हे चूक आहे. मॅक्स म्युलर भवनात जी बी-1 परीक्षा होते तिचे चार भाग असतात: वाचणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे. प्रत्येकाला 100 गुण, प्रत्येकात 60 हवेत, आणि जो भाग गेला तेवढाच पुन्हा देता येतो. कॉलेजवाल्यांना एवढे सांगितले की पुरे: ही केटी आहे, वर्ष वाया गेलेले नाही.

हे ज्याला कळत नाही त्याने घरच्या म्हाताऱ्याबरोबर खारेपाटात एक फेरी मारावी. भरतीच्या पाण्याने बांधाला खांड गेली तर आमच्याकडे कोणी सगळा बांध नव्याने घालत नाही. जिथे खांड, तिथे चिखल. पण चिखल टाकण्याआधी अनुभवी माणूस बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो आणि खेकड्यांची बिळे मोजतो. बिळे दोनचार असली तर बुजवतो. बांधाची चाळणीच झाली असेल, तर मात्र सगळा गाव लावून काम करावे लागते. जर्मनचेही असेच बघायचे: फक्त खांड गेली आहे, की बांधच चाळणी आहे? माझी खांड ऐकण्यात गेली होती. वाचणे, लिहिणे, बोलणे निभावले. बोलण्यात तर मला जेवणाबद्दल बोलायचे होते, आणि त्या विषयावर आगरी माणसाला नापास करणे कुठल्याच सरकारला जमायचे नाही.

बिळे मोजण्याची पद्धत पुढीलप्रमाणे. जर्मन भाषेत नामांना तीन लिंगे असतात, डेअर, डी आणि डास. यातल्या ‘डास’चा आपल्याकडच्या डासांशी संबंध नाही, तो संध्याकाळी येत नाही, दिवसभर छळतो. इंग्रजी माध्यमवाल्यांना तीन लिंगे ऐकून घाम फुटतो. आपण तो, ती, ते करतच मोठे झालो, तेव्हा निर्धास्त असावे. घरचे ताट समोर घ्या. मासा: डेअर फिश, तो मासा, जुळले. तांदूळ: डेअर राइस, तो तांदूळ, जुळले. पाणी: डास वासर, ते पाणी. मीठ: डास झाल्च, ते मीठ. (हा च चमच्यातला, चहातला नव्हे. जर्मन लिपीतले शेवटचे अक्षर नेमके आपल्या चमच्यातल्या च सारखे उच्चारतात. हा आवाज पुस्तकवाले दोन पाने खर्चून समजावतात आणि आपण तो वरणात बुडवून तोंडात घालतो.) इथपर्यंत वाटते की जर्मन लोक मूळचे आपल्याच बाजूचे असावेत. मग हात भाकरीकडे जातो. डास ब्रोट. ते भाकरी! तोंडातला घास तोंडात राहतो. दूध तर त्यांच्याकडे ‘ती दूध’ आहे. चार वस्तू जुळल्या म्हणून पाचवीही जुळेल असे धरून चाललेला उमेदवार हमखास पडतो. ज्याला काहीच जुळत नाही तो बिचारा पाठ तरी करतो.

सूर्यावरून आमच्या घरात वाद झाला. जर्मनमध्ये चंद्र पुल्लिंगी आणि सूर्य स्त्रीलिंगी, डी झोन्न. मी हे आवशीला मोठ्याने, तक्रारीच्या सुरात सांगितले. ती भात पाखडत होती. म्हणाली, “बरोबर हाय की. सकाली सगल्यांच्या आधी उठून कामाला कोन लागतं?” क्लासात या नियमाचे कारण कोणी सांगितले नव्हते.

याउलट आकडे आपल्या बाजूचे आहेत, हेही मोजताना धरावे. इंग्रज वीस-पाच म्हणतो. जर्मन म्हणतो फ्युन्फ-उंट-च्वान्चिश, म्हणजे पाच आणि वीस, म्हणजे आपले पंचवीस. बावीस, तेवीस, चोवीस, सगळे आपल्याच रांगेत. एकोणतीसपाशी तेवढी जपून पावले टाकावीत, कारण एक उणे तीस ही काटकसर त्यांना सुचलेली नाही. ते नऊ आणि वीस म्हणून मोकळे होतात. आणि वाक्यरचनेचा बाऊ करणाऱ्यांना एकच उदाहरण पुरे. क्लास बुडवल्यावर द्यायचे कारण: वाइल इश क्रांक बिन. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. कारण मी आजारी आहे. शब्दामागे शब्द, क्रियापद शेवटी, थाप मात्र दोन्ही भाषांत सारखीच. हे वाक्य माझ्याइतके बिनचूक आमच्या बॅचमध्ये कोणाला येत नव्हते. माझी बिळे नेमकी किती, याचा अंदाज सुज्ञांना आला असेल.

पुढची पायरी नातेवाइकांची. ती टाळता येत नाही म्हणून घेतली आहे. रोहा तालुक्यात एखादे मामा असतील तर ते चिंतामणराव देशमुखांचे नाव काढणार. 1912 साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ‘रोह्याचाच माणूस हो, आणि तेव्हा कुठे होते क्लास?’ याला उत्तर नाही, देऊही नये; मान खाली घालून चहा प्यावा. पेणकडचे नातेवाईक जास्त सोयीचे पडतात, कारण त्यांच्याकडे विनोबा आहेत. गागोदे आपल्याच तालुक्यातले. विनोबा शाळेत फ्रेंच शिकले, आणि 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसून मध्येच सुरतेला उतरले आणि काशीला गेले. सर्टिफिकिटे त्याआधीच चुलीत घातलेली होती. परीक्षेला परत बसू नये म्हणणाऱ्या पक्षाला याहून वजनदार दाखला सापडणार नाही.

पण या पक्षाने पुढचे पान वाचलेले नसते. परीक्षा सोडलेल्या त्याच माणसाने कुराण मुळातून वाचायला अरबी धरली आणि तुरुंगात बसून दक्षिणेच्या भाषा शिकून घेतल्या. म्हणजे त्यांनी हॉलतिकीट सोडले, शिकणे सोडले नाही. शिवाय एक भौगोलिक अडचण आहेच. कासू स्टेशनवरून गाडीत बसलेला माणूस वाटेत सुरतेला उतरू शकत नाही. फार तर दिव्याला उतरतो आणि तिथून पुन्हा डोंबिवलीच्याच आत्याकडे पोचतो. ती विचारते, “लागला का रे निकाल?”

आता पैसे. भरलेली फी परत मिळत नाही, हे एका ओळीत सांगून संपवतो. ‘एवढे घातले, आता सोडायचे कसे?’ असे म्हणणाऱ्याने मुंबई-गोवा महामार्गावर उभे राहून विचार करावा. आपल्या दारावरून जाणारा पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचे काम 2011 साली सुरू झाले, आणि मग मुदतीमागून मुदत उलटत गेली. मी तेव्हा शाळेत होतो. त्या कामाला कोणी नापास म्हणाले नाही. दर गणपतीआधी त्याला पुन्हा त्याच वर्गात बसवले. एवढ्या मोठ्या उमेदवाराची ही कथा, तर आपल्या एका खेपेचे कसले मनाला लावून घ्यायचे? दुसऱ्या बाजूने, तेवढी वर्षे त्याच वर्गात काढण्याची तयारी आहे का, हेही तिथेच उभे राहून ठरवावे. फार वेळ उभे राहू नये. डंपर येतात.

घाईबद्दल एक सूचना. खारे पाणी शिरलेल्या शेतात दुसऱ्याच दिवशी कोणी भात लावत नाही. एखाददोन पावसांनी मीठ धुऊन जावे लागते. निकालानंतर आठ दिवस क्लासचा अर्ज भरू नये, आणि जर्मनी गेली खड्ड्यात असेही जाहीर करू नये. या काळात घरातले विजेचे बोर्ड दुरुस्त करावेत. आवशीकडून जेवायला हाक येते ती ऐकावी. माझ्या वेळी ती अशी होती: “ये जेवाला. नापास मानसाला पन भूक लागतेच ना?”

मी ठरवले ते सांगतो. सगळा क्लास परत केला नाही. ऐकण्याची तेवढी खांड घरच्या घरी बुजवायची, आणि तोच एक भाग पुन्हा द्यायचा. या भागात तीस प्रश्न असतात. काही तुकडे दोनदा ऐकवतात, काही एकदाच. त्यात बसस्टॉपसारख्या ठिकाणी दोन माणसे आपापसांत बोलत असतात आणि आपण बाजूला उभे राहून कान द्यायचा असतो. एरवी ज्याबद्दल लहानपणी पाठीत धपाटा मिळायचा, त्याचे इथे मार्क मिळतात. हे कळल्यावर माझी भीती निम्मी गेली. एसटीच्या थांब्यावर उभे राहून कोणाच्या घरात काय शिजते आहे हे ओळखणारा माणूस मी. भाषा बदलली म्हणून कान बदलत नाहीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी ओटीवर मोबाइल मोठ्या आवाजात लावतो.

यात एकच अडचण उद्भवते, ती उमेदवारांनी आधीच माहीत करून घ्यावी. जर्मनमध्ये होकाराला ‘या’ म्हणतात. रेकॉर्डिंगमधली बाई फार होकारार्थी आहे. काल चौदाव्या प्रश्नाला ती चांगली तीनदा ‘या, या, या’ म्हणाली, आणि शेजारची काकी पदराला हात पुशीत ओटीवर आली. “कोन आलंय रं? मना हाक मारली?” आवशीने चहा टाकला. काकी तासभर बसली, तिच्या सुनेच्या बाळंतपणाचे सगळे ऐकवून गेली, आणि ते मला एकदाच ऐकून पूर्ण समजले. चौदावा प्रश्न राहिला आहे. आज पुन्हा लावणार आहे, दार लोटून.