सायकल ट्रॅक कसा बांधावा : नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

अभिनंदन! पथ विभागात तुमची नुकतीच नेमणूक झाली आहे आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर सायकल ट्रॅकची फाइल येऊन पडली आहे. घाबरू नका. तुम्हाला सायकल चालवता येत नसली तरी चालेल, त्यावाचून आजवर कुणाचं अडलेलं नाही. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा सायकलवर कर होता, पत्र्याचा बिल्ला होता आणि डबलसीट दिसलं की हवालदार चाकातली हवा सोडायचा. म्हणजे सायकलवाल्याची दखल तरी घेतली जायची. आता काम सोपं झालंय. ट्रॅक कागदावर पूर्ण हवा, बिल निघायला हवं आणि सायकलवाला जिथे होता तिथेच, बसच्या मागच्या चाकाशेजारी, राहायला हवा. हे तिन्ही एकदम साधायचं कसं, ते खाली क्रमाने दिलं आहे.

१. धोरण वाचा. शहराला पादचारी धोरण २०१६ पासून आहे, सायकल आराखडा २०१७ पासून. दोन्ही चांगले आहेत, तेव्हा जपून कपाटात ठेवा. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ची पुस्तिकाही हाताशी असू द्या. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं ती सांगते. ‘मोकळी’ या शब्दापाशी अडखळू नका. टेपचं एक टोक कंपाउंडच्या भिंतीला लावा, दुसरं कर्बला. मध्ये डीपीचा बॉक्स, दिशादर्शक फलकाचा खांब आणि वडापावची गाडी येईल. टेप त्यांच्या वरून न्या. रुंदी भरते.

२. जागा फुटपाथमधूनच काढा. गाड्यांच्या रस्त्यातून एक वीत जरी घेतलीत तरी संध्याकाळपर्यंत तीन माननीयांचे फोन येतील. फुटपाथचा अर्धा भाग लाल रंगवा, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र काढा. आता पायी चालणारे सायकलवाल्याला शिव्या देतील, सायकलवाला घंटी वाजवून त्यांना, आणि तुमच्या दारात कुणीच येणार नाही.

३. वर पेव्हर ब्लॉक बसवा. खाली खडीचा पाया, त्यावर वाळूचा थर, तो यंत्राने दाबून घ्यायचा, आणि ब्लॉक सरकू नयेत म्हणून कडेला पक्की कर्ब : हे सगळं अंदाजपत्रकात सविस्तर लिहा. जागेवर वाळू पसरा, ब्लॉक मांडा आणि पुढे व्हा. पहिल्या पावसात वाळू वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगायला लागतो. दिसायला तो जागच्या जागीच असतो, म्हणून माणूस बिनधास्त पाय देतो. एका कोपऱ्यावर वजन पडलं की समोरच्या कोपऱ्यातून चिखलाची पिचकारी उडते, ती बरोबर पोटरीवर, इस्त्रीच्या पँटला. वाईट वाटतं बिचाऱ्याचं. पण पुढच्या वेळी तो आपणहून डांबरावरून चालतो आणि आपला ट्रॅक झिजायचा वाचतो.

४. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी ट्रॅक खाली उतरवा, फाटक संपलं की पुन्हा वर चढवा. शास्त्रीय पद्धत याच्या उलट आहे : ट्रॅक सपाट ठेवायचा आणि गाडीने चढून उतरायचं. पण गाडीला इंजिन असतं म्हणून काय तिला त्रास द्यायचा? सायकलवाल्याने पायांच्या जोरावर जो वेग कमावलेला असतो, तो दर वीस पावलांवर ब्रेक लावून त्याला उधळायला लावा. व्यायामासाठीच सायकल चालवतात ना हे लोक?

५. ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवा. हेतू उदात्त आहे : दुचाकी आत येऊ नयेत. अंतर मात्र विचारपूर्वक ठेवा. फार कमी ठेवलं तर सायकलचं हँडल अडकतं आणि व्हीलचेअर तर येतच नाही. फार जास्त ठेवलं तर स्कूटर सुखाने जाते. उत्तम कारागीर दोन्ही एकाच ठिकाणी साधतो. खांब अगदी जवळजवळ रोवतो, पण शेवटचा एक लावायचा विसरतो.

६. चौकाच्या अलीकडे ट्रॅक संपवा. सगळ्या पायऱ्या विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. ट्रॅकची खरी गरज चौकातच असते, कारण डावीकडे वळणारी गाडी सरळ जाणाऱ्या सायकलला आडवी येते ती तिथेच. मधल्या रस्त्यावर सायकलवाला कसाही निभावून नेतो. म्हणून मधल्या रस्त्यावर ट्रॅक द्यायचा आणि चौक आला की माणसाला देवाच्या हवाली करायचं. लांबी मोजताना चौकही धरा, तो काही कुठे जात नाही. पायी चालणाऱ्यांसाठी झेब्रा पट्टे मारा, पण ते दुभाजकाच्या जाळीसमोर नेऊन थांबवा. आजोबा हातातली भाजीची पिशवी सांभाळत तिथवर पोचतात, जाळी पाहतात, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या मध्ये उभे राहून फट शोधू लागतात. त्यांच्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवा.

७. काम संपताच खोदाईला परवानगी द्या. आधी कुणालाही देऊ नका. सपाट ट्रॅक दिसला की पाणीवाले, ड्रेनेजवाले, केबलवाले आपोआप येतात. समन्वय बैठक घेतली होती, हे इतिवृत्तात असू द्या. चर बुजवताना माती वर थोडी फुगीर ठेवतात, ती पुढे बसते म्हणून. ती बसत नाही. तिला गतिरोधक म्हणता येतं.

इथे एक धोका सांगून ठेवतो. कुणीतरी जंगली महाराज रस्त्याचा दाखला देईल. १९७०च्या दशकात ठेकेदाराने दहा वर्षांची हमी देऊन तो रस्ता केला आणि हमी संपल्यावरही तो कित्येक वर्षं टिकला. असले दाखले तरुण अभियंत्यांसमोर देऊ नयेत. एकच रस्ता इतकी वर्षं टिकू लागला तर पुढच्यांनी करायचं काय?

८. न्यायालयांवर लक्ष ठेवा. वापरण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तेव्हा चेंबरचं झाकण गेलं असेल तर हयगय नको. ताबडतोब त्यात झाडाची फांदी खोचा आणि तिला लाल चिंधी बांधा. झाकणाची मागणी पुढच्या अंदाजपत्रकात घ्या.

९. उद्घाटन. सायकली टेम्पोतून आणा, हवा तिथेच भरा. साहेबांची सीट आधी खाली घ्या, नाहीतर पाय टेकत नाहीत. फोटोपुरते पन्नास मीटर पुरतात, तेवढा भाग झाडून घ्या, तिथल्या गाड्या उचलायला लावा. ११ डिसेंबरला जमलं तर उत्तम, त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन असतो आणि पत्रकार मोकळे असतात. साहेबांची गाडी मात्र ट्रॅकवरच लावा, दुसरीकडे जागा कुठे आहे?

१०. देखभाल. अॅपवर तक्रार आली की ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ लिहा, पंधरवड्याने ‘निकाली’ करा. तीन-चार वर्षांत ‘ट्रॅकचा वापर होत नाही’ असा अहवाल मागवा. तो खराच असेल. त्याच्या आधारे रस्तारुंदीचा प्रस्ताव ठेवा आणि ट्रॅक उखडा. निघालेले ब्लॉक फुटपाथवरच रचून ठेवा, उचलायची घाई करू नका. राडारोडा हलवण्याची निविदा वेगळी निघते.