स्वतःसाठी कूलर कसा घ्यावा

साठी ओलांडली, पोरं मार्गी लागली, सोसायटीचं कर्ज फिटलं आणि तरीही चपलेच्या अंगठ्याला सॅफ्टीपिन लावून फिरता, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. सांगणाऱ्याचा अधिकार असा : वय सदुसष्ट, मुक्काम उंद्री, तालुका चिखली. चष्म्याची डावी दांडी दोन वर्षांपासून दोऱ्यानं बांधलेली. दोरा मात्र दर दिवाळीला नवा.

पायरी पहिली : भाव विचारणे. इथंच बहुतेक जण नापास होतात. दुकानदारानं कूलरचे साडेआठ हजार सांगितले की आपल्याला रुपये दिसतच नाहीत, सोयाबीन दिसतं. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे कूलर झाला एक क्विंटल साठ किलोचा. बाजार समितीत जो भाव खरोखर हातात पडतो त्यानं धरला तर दोन क्विंटलच्या घरात. मग त्या दोन क्विंटलची पेरणी, डवरणी, फवारणी, सोंगणी डोळ्यांपुढून जाते. एवढं करून काय, तर हवा खायची? हवा लिंबाखाली फुकट आहे. इथं ‘पाहतो, सांगतो’ म्हणून बाहेर पडावं. असे चार उन्हाळे लागतात, घाबरू नये.

पायरी दुसरी : बिनघामाचा पैसा वापरणे. घामाचा पैसा निघत नसेल तर आयता आलेला निघेल, असं मला एका हुशार माणसानं सांगितलं होतं. २०१९पासून केंद्राच्या किसान सन्मानचे दोन हजार चार महिन्यांनी खात्यात पडतात. त्यातली दमडीही मी खर्चलेली नाही. उद्या कुणी परत मागितले तर?

पायरी तिसरी, आणि खरी कामाची : खरेदी दुसऱ्याच्या नावावर टाकणे. लेकीचं लग्न, पोराची ॲडमिशन, विहिरीचं खोदकाम, सगळीकडे आपण न अडखळता मोजले. तोच हात स्वतःच्या बनियनपाशी थरथरतो. आमच्या घरी बनियनला निवृत्ती नाही. भोकं पडली की ते वावरात जातं, वावरात फाटलं की मोटरसायकल पुसतं आणि अगदीच लोंबायला लागलं की बुजगावण्याच्या अंगावर चढतं. मागच्या खरिपात शेजारच्या भाऊंनी धुऱ्यावरून त्याला दोनदा रामराम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. त्यांचीही चूक नाही. तब्येतही साधारण सारखीच आहे.

२००८ साली रिक, क्रायडर आणि लोवेनस्टाइन या संशोधकांनी तेरा हजारांवर लोकांना प्रश्न विचारून एक भेद मांडला : काटकसरी माणसाला पैसा वाचवण्यात गोडी वाटते, चिकट माणसाला तो सोडताना दुखतं. मी दोन्हीकडे बसतो. वाचवताना गोडी, सोडताना कळ. नोटबंदीच्या रात्री, ८ नोव्हेंबर २०१६ला, आमच्या तुरीच्या डाळीच्या डब्यातून पाचशेच्या अकरा नोटा निघाल्या. मलाही माहीत नव्हत्या. वेळेवर खर्च केल्या असत्या तर बँकेची रांग टळली असती, असा धडा कुणीही घेतला असता. आमच्या मंडळींनी वेगळा घेतला : डब्यात शंभराच्याच ठेवायच्या.

पायरी चौथी खर्चिक असल्यामुळे गाळली आहे.

प्रवासाचंही इथंच सांगून टाकतो. शेगावला दोघांनी मुक्कामी जायचं, कचोरी खायची, दुसऱ्या दिवशी सावकाश यायचं, असं आमचं बऱ्याच वर्षांपासून ठरलंय. पासष्टीनंतर एसटीत अर्धं तिकीट. तरी निघवेना, कारण २०२२पासून पंच्याहत्तरीला पूर्ण फुकट आहे. आठच वर्षं तर राहिली. बायकांना २०२३पासून अर्धंच, त्यामुळे मी हिला म्हणालो, ‘तू जाऊन ये ना पुढं.’ ती काय म्हणाली ते मार्गदर्शनपर लेखात बसत नाही.

तर कूलर. पाचव्या उन्हाळ्यात आणला. ‘पोरं पुण्याहून येतील, गरमी सहन नाही व्हत त्यायले,’ असं मी दुकानात न विचारता तीनदा सांगितलं. नातू आले, पंधरा दिवस राहिले, गेले. कूलरवर चादर टाकली. दोन दिवसांनी ही म्हणाली, ‘बंद ठेवला तं मोटर जाम व्हते म्हणे.’ हे फार उपयोगी वाक्य आहे, पाठ करून ठेवावं. तेव्हापासून आम्ही तो दुपारी तासभर लावतो, मोटरसाठी. पाण्याचंही जमवलंय : भाज्या धुतलेलं पाणी गाळून टाकीत. त्यामुळे घरात थोडा मेथीचा वास येतो. फाटक वाजलं की बटण बंद.

काल दुपारी कूलरसमोर नातवांची खाट होती, रिकामी. सगळी हवा तिच्यावर. मी भिंतीला टेकून, बाजूला.

‘सरका ना मधात,’ ही म्हणाली.

‘बरा आहो इथं.’

‘काहून, खाटीले गरम होते का?’

मी वीतभर सरकलो.