ड्रेककाका

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतीलच. युरोपवाले असले तर तुम्ही नशीबवान. आल्प्स चहाबरोबर संपतो. आमच्या वाट्याला अंटार्क्टिकावाले आलेत. अंबरनाथच्या एमआयडीसीत उभी हयात पाळ्या करून निवृत्त झालेले काका आणि मुंबईच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या काकू. गावची जमीन विकली गेली, तेव्हा मुलांना न विचारता दोघं अर्जेंटिनातल्या उशुआयाहून बोटीत बसले आणि पेंग्विन बघून बदलापूरला परत आले. तेव्हापासून ते ड्रेककाका.

दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये ड्रेक सामुद्रधुनी आहे. जिथे ती सर्वांत अरुंद, तिथेही सुमारे 800 किलोमीटर. त्या पट्ट्यात वाऱ्याला नि पाण्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे दोघंही पृथ्वीभोवती मोकाट फिरतात आणि या चिंचोळ्या जागेत बोटींना गाठतात. बोटीला ती ओलांडायला दोन दिवस लागतात. काका अजून ओलांडतायत.

आल्या आल्या लाट 5 मीटरची होती. गणपतीत आरतीनंतर ती 7 झाली. कोजागरीला दूध आटत गेलं आणि लाट 9 वर गेली. परवा टँकरच्या बिलावरून सोसायटीची सभा पेटली, तेव्हा काका उठले आणि 12 मीटरच्या लाटेसमोर तुमचा टँकर म्हणजे काय, असं विचारून खाली बसले. बिल तसंच राहिलं.

सकाळच्या लोकलमध्ये कुणाची चप्पल गेली, "ड्रेकच्या मानाने काही नाही." एप्रिलात पारा 42 ला टेकला, "ड्रेकच्या मानाने..." इथे ते स्वतःच थांबतात, पण ते लाल जाकीट काढत नाहीत. जाकीट अस्सल यूएसएचं आहे म्हणतात. कोणत्या यूएसएचं, हे उल्हासनगरच्या शेजाऱ्यांना सांगायला नको.

27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, त्यासाठी एनडीआरएफच्या रबरी होड्या आल्या. कुणी ती आठवण काढली की काका त्याला मध्येच अडवतात. "होडीत चढताना पंजा नाही द्यायचा, अरे. मनगट धरायचं! खलाशी पकड!" आणि ते समोरच्याचं मनगट धरून दाखवतात. लाट संपेपर्यंत ते सुटत नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. तिथे गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. उतरणाऱ्यांच्या मागून गर्जना होते, "एक हात बोटीसाठी!" भाविक महादेवाच्या आधी काकांना हात जोडतात. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी 100 माणसांनाच उतरू देतात, हा नियम ते नेमका संध्याकाळी बदलापूर स्थानकाच्या पुलावर ऐकवतात. तिथल्या शंभरातले निम्मे तेव्हा माझ्या पायावर उभे असतात.

काकू हे सगळं भाजी निवडत ऐकतात. फार झालं तर एवढंच म्हणतात, "नागपूरच्या अदिती पंत 1983 च्या मोहिमेत गेल्या होत्या. संशोधन करून आल्या. त्यांची लाट वाढलेली कधी ऐकली नाही हो मी."

मध्यंतरी काका हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. ती संधी साधून मी काकूंना विचारलं, "खरी किती होती हो लाट?"

"ह्यांनी कुठे बघितली लाट!" काकू म्हणाल्या. "मळमळीची गोळी घेऊन आडवे झाले ते बर्फ दिसल्यावर उठले. दोन्ही दिवस झोपून. दीड पुरुष असेल लाट, मी खिडकीत बसून बघितली. दुसरं काम काय होतं?"

मग शेंगा मोडता मोडता त्यांचा हात जरा थांबला. "खरं तर ह्यांच्याकडेच बघत होते. तिसरी पाळी करून हे सकाळी घरी यायचे, तेव्हा मी लोकलमध्ये. रविवारी दळण, पाणी, मुलांचे अभ्यास. दिवसाउजेडी निवांत झोपलेला हा माणूस मला कधी बघायलाच मिळाला नव्हता. उठवायचं नाही, डबा भरायचा नाही. म्हटलं, आपटू दे बोट."

तेव्हापासून लाटेबद्दल माझी तक्रार नाही. उभ्या नोकरीतल्या तिसऱ्या पाळ्यांची झोपेची थकबाकी या माणसाने दोन दिवसांत वसूल केली; वर 12 मीटर व्याज लावलं तर बिघडलं कुठे?

हिशोब मात्र काकूंचाही करायला हवा. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. जाऊन-येऊन 136. शनिवार धरून आठवड्याचे 816. म्हणजे या बाई नोकरीभर भरल्या आठवड्याला एक ड्रेक पार करत होत्या, तोही बहुतेक उभ्याने, आणि त्यातली एकही लाट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

तेव्हा काकांनी मनगट धरलं तर लगेच सोडवून घेऊ नका. आणि काकू लोकलमध्ये दिसल्या, तर उठून त्यांना जागा द्या.